दुभाष्याची खुर्ची



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या हाताखाली बालरोगशास्त्राचे ओनामे गिरविण्याचे भाग्य मला लाभले, आणि रोग्याच्या उशाशी उभ्याउभ्या बोलू लागणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते जे चार शब्द ऐकवीत, ‘आधी बसा, मग बोला’, त्यांचा उपयोग मला पुढे त्यांनी शिकविलेल्या सगळ्या औषधयोजनेपेक्षा अधिक झाला. चालकांना मी विषय कळविला तेव्हा त्यांनी मोठ्या सौजन्याने, परंतु काहीशा धास्तीने, विचारले की अमेरिकेतील स्पॅनिश बोलणाऱ्या मजुरांच्या असाध्य आजाराने खंगलेल्या मुलांशी येथल्या श्रोत्यांना काय कर्तव्य असणार? प्रश्न रास्त होता. माझ्यापाशी त्याला एवढेच उत्तर आहे की कॅलिफोर्नियाच्या सान हवाकीन खोऱ्यात माझ्या नोकरीची २२ वर्षे या मुलांच्या खाटांशी गेली, आणि ज्या गोष्टीत मी स्वतः चुकले व काही अंशी सुधारले तिच्यावर बोलण्याचा मला जो थोडाबहुत अधिकार आहे तो दुसऱ्या कोणत्याही विषयावर नाही.

‘लातिनो’ हा शब्द प्रथम सैल करून घेऊ. मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोर, प्वेर्तो रिको, क्युबा अशा वीसेक मुलुखांतून आलेल्या, आणि कित्येकदा पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेतच जन्मलेल्या लोकांची एक मोट बांधून तिला हे नाव दिलेले आहे. आपल्याकडे विंध्याच्या खाली राहणाऱ्या प्रत्येकाला ‘मद्रासी’ म्हणून मोकळे होण्याची जी खोड काही लोकांना असते, तिचीच ही दूरची बहीण. २०२० च्या खानेसुमारीत यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली, आणि त्या देशातील मुलांपैकी सुमारे चवथा हिस्सा या घरांतला आहे. रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार मुलांत सर्वाधिक आढळतो त्याचे प्रमाणही तेथे याच मुलांत सर्वांत जास्त आहे. मी ज्या खोऱ्यात होते ते बदाम, द्राक्षे आणि संत्री यांचे खोरे. तेथल्या मॅकफार्लंड नावाच्या लहानशा गावी १९८० नंतरच्या काही वर्षांत कर्करोग झालेली मुले इतकी आढळली की सरकारी चौकशा बसल्या, निर्विवाद कारण मात्र हाती लागले नाही. आणि द्राक्षमळ्यांवरील कीटकनाशकांच्या विरुद्ध शेतमजुरांचे पुढारी सेसार चावेस यांनी १९८८ साली जवळच्याच डिलेनो येथे ३६ दिवस उपोषण केले, तेव्हा ते शस्त्र त्यांनी कोणाच्या उदाहरणावरून उचलले होते हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही.

आता परिहारसेवेकडे वळते. असाध्य किंवा जिवावरच्या आजारात वेदना, धाप, मळमळ, भय आणि घरच्यांची दैना यांचा परिहार करणे हेच ज्या वैद्यकाचे मुख्य काम, त्याचा आधुनिक अवतार सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढले तेथून मोजतात. आपल्याकडे १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन निघाले, आणि ज्याने कोणी ते नाव सुचविले असेल त्याच्या शब्दज्ञानाला मी मनोमन नमस्कार करते, कारण नावाचा प्रश्न या सेवेत केवढा नाजूक असतो याचा अनुभव परदेशात पुष्कळांना आला. माँट्रियल येथील बॅल्फर माऊंट हे शल्यविशारद साँडर्सबाईंकडे शिकून परत गेले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की फ्रेंच भाषकाच्या कानाला ‘हॉस्पिस’ म्हणजे निराधारांचे आश्रयस्थान. म्हणून १९७० नंतरच्या त्या वर्षांत त्यांनी ‘पॅलियम’ या लॅटिन शब्दाचा, म्हणजे अंगावर घ्यायच्या झग्याचा, आधार घेऊन ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव रूढ केले. पांघरूण घालणे, एवढाच त्याचा धात्वर्थ.

फ्रेंचांची ही अडचण दूर झाली, स्पॅनिशांची मात्र तशीच राहिली. स्पॅनिशमध्ये ‘ओस्पिसियो’ म्हणजे अनाथालय, गरीबखाना. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात ‘ओस्पिसियो काबान्यास’ या नावाची एक भव्य वास्तू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिशप काबान्यास यांनी अनाथ, वृद्ध आणि पंगू लोकांसाठी ती उभारविली, पुढे ओरोस्को या चित्रकाराने तिच्या घुमटात व भिंतींवर चित्रे रंगविली, आणि १९९७ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. हालिस्को वा मिचोआकान प्रांतातून आलेल्या एखाद्या आईला कोऱ्या अंगरख्यातला डॉक्टर जेव्हा सांगतो की ‘तुमच्या मुलाला आम्ही हॉस्पिसकडे देऊ इच्छितो’, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काय उभे राहत असेल? पोटच्या पोराला अनाथालयात घालण्याची तजवीज. तिने ‘नाही’ म्हटले, की डॉक्टर दप्तरात नोंद करतो: कुटुंबाचा सेवेस नकार.

आणि हा नकार केवळ शब्दालाच होता असेही नाही. १९८२ साली वृद्धांच्या सरकारी विम्यात हॉस्पिसची तरतूद झाली तिला दोन अटी होत्या: रोगी सहा महिन्यांपलीकडे बहुधा जगणार नाही असा डॉक्टरांचा दाखला, आणि रोग बरा करण्याच्या उपचारांवर रोग्याने सोडलेले पाणी. सत्तरी ओलांडलेल्या कर्करोग्याला हा सौदा कदाचित मानवतही असेल. परंतु पुढे गरिबांच्या विम्यातही तोच शिरस्ता आला, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या बापापुढे कागद सरकवून ‘औषध तरी घे, नाहीतर आराम तरी घे, दोन्ही मिळणार नाही’ असे सांगणे कायदेशीर ठरले. त्याच १९८२ साली ऑक्सफर्डला सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी हेलन हाऊस हे मुलांसाठीचे जगातले पहिले हॉस्पिस उघडले हा योगायोग मला नेहमी खिन्न करतो. मुलांच्या बाबतीत परिहार हा निदानाच्या दिवसापासून, मूळ उपचार चालू असोत वा नसोत, सुरू झाला पाहिजे असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली सांगितले. कॅलिफोर्नियाने त्या दिशेने २००६ साली एक कायदा केला. आणि अखेर २०१० च्या मोठ्या आरोग्य कायद्यातील २३०२ व्या कलमाने सरकारी विम्यातल्या २१ वर्षांखालील मुलांपुरती ती दुसरी अट साऱ्या देशात उठविली. सहा महिन्यांची मुदत अजून कायम आहे. मधल्या २८ वर्षांत ज्या आईबापांनी त्या कागदावर सही करण्याचे नाकारले त्यांना अडाणी म्हणणारे माझे सहकारी मला भेटलेले आहेत. मी स्वतःही त्यांच्यात काही काळ होते.

एका कुटुंबाची हकिकत सांगते, त्यांचे नाव-गाव मात्र सांगणार नाही. मुलगा दहा वर्षांचा, रक्ताचा कर्करोग दुसऱ्यांदा उलटलेला. ऑगस्टचा महिना होता, बदामाची झाडे यंत्राने गदगदा हलवून फळ पाडतात तो हंगाम, आणि बाप कामावरून तसाच आलेला, गुडघ्यावर ठेवलेल्या त्याच्या टोपीतून धूळ गळत होती. दुभाषी त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर गुंतलेली होती. मुलाची बारा वर्षांची बहीण शाळेचे दप्तर मांडीवर घेऊन बसलेली, इंग्रजी अस्खलित. आणि मला घाई होती. मी इंग्रजीत म्हणाले, रोग परत आला आहे, आता आमच्यापाशी जी औषधे आहेत त्यांनी तो बरा होणार नाही. मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग ती आईकडे वळून पुष्कळ बोलली, मी बोलले होते त्याच्या तिप्पट. माझी स्पॅनिश तेव्हा भाजीबाजारापुरती. तिच्या बोलण्यातला ‘बितामिनास’ हा एकच शब्द माझ्या कानाने टिपला. आईने मान हलविली, ‘सी, दोक्तोरा’ म्हणाली, माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी परिचारिकेला विचारले की डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली जीवनसत्त्वे कोणत्या दुकानात मिळतील.

त्या पोरीने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या लेकीने आईला जे सांगावे तेच तिने सांगितले. खोटेपणा घडला तो माझ्या हातून, कारण ‘सी, दोक्तोरा’ हा होकार कशाचा याची चौकशी न करता मी तो संमती म्हणून लिहून घेतला. मोठ्या माणसाला, शिकलेल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणू नये या रीतीला ते लोक ‘रेस्पेतो’ म्हणतात. आपल्या खेड्यांतून ‘व्हय जी, डाक्टर’ म्हणून मान डोलावणारा आणि बाहेर पडताच गावच्या वैद्याची वाट धरणारा रोगी ज्याने पाहिला आहे त्याला तो शब्द समजावून सांगायला नको. मी तो आयुष्यभर पाहिलेला होता, आणि तरीही तेथे मला ओळखू आला नाही.

दुभाष्याचा हक्क तेथे कायद्याने आहे. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यात त्याचे मूळ आहे, २००० साली अध्यक्षांच्या फर्मानाने तो अधिक स्पष्ट झाला, आणि २०१६ च्या नियमांनी, जिवावरच्या तातडीखेरीज, लहान मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास मनाई केली. ते २००० सालचे फर्मान २०२५ च्या मार्चमध्ये दुसऱ्या फर्मानाने रद्द झाले. कायद्याची कलमे शाबूत आहेत, परंतु कलम आणि रुग्णालयाच्या जमाखर्चाची वही यांच्यात वारा कोणत्या दिशेने वाहतो हे कारकुनांना लवकर कळते. दुभाषी नसला तर काय होते याचा तेथे नेहमी दिला जाणारा दाखला फ्लॉरिडातला, १९८० सालचा: बेशुद्ध होत चाललेल्या अठरा वर्षांच्या मुलाचे नातेवाईक ‘इंतोक्सिकादो’ म्हणाले, म्हणजे काहीतरी खाणे बाधले असावे, डॉक्टरांनी तो शब्द इंग्रजी कानांनी ऐकून अमली पदार्थाची बाधा समजून उपचार केले, मेंदूतला रक्तस्राव तसाच राहिला, आणि मुलगा हातापायांनी कायमचा अधू झाला.

जीवनसत्त्वांच्या त्या प्रकारानंतर दुभाषीणबाईंनी मला दाराबाहेर गाठले. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकविलेल्या बाई होत्या. त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांची खुर्ची आईच्या शेजारी, किंचित मागे राहील. मी आईकडे पाहून बोलायचे, त्यांच्याकडे पाहून नाही. दोन, वाक्य लहान ठेवायचे. आणि तीन, ‘ओस्पिसियो’ हा शब्द उच्चारायचा नाही. मी म्हणाले, तो तर तुम्ही बदलून घ्याल. त्यावर त्या ताठ झाल्या. ‘दोक्तोरा, मला बदलता येत नाही. तुम्ही म्हणाल तेच मला म्हणावे लागते. म्हणून तुम्हीच आधी बदला.’ अनुवादाविषयी मी पुढे जे काही वाचले त्यात याहून सरस असे फार थोडे आढळले.

दुसऱ्या बैठकीस आम्ही अर्धा तास दिला. आईला आम्ही सांगितले की उपचार चालू राहतील, आणि त्यासोबत एक मंडळी घरी येत जाईल, दुखणे कमी करणे एवढेच तिचे काम. हे वाक्य मला बोलता आले त्याचे कारण ते २०१० सालचे कलम. कायदा जुना असता तर जगातल्या कोणत्याही दुभाष्याला ते वाक्य गोड करता आले नसते. आई रडली, बापाने टोपी डोक्यावर चढविली व पुन्हा काढली, आणि मग दोघांनी जी मंडळी येणार तिला जेवायला काय चालते ते विचारले.

मला सुधारण्याचे श्रेय घ्यायचे नाही, म्हणून याच खोऱ्यातली एक उलटी गोष्टही सांगून टाकते. वाहाका प्रांतातून आलेली कित्येक कुटुंबे मिश्तेक लोकांची. त्यांची भाषा तूउन सावी, म्हणजे पावसाची वाणी, आणि स्वरांच्या चढउताराने तिच्यात अर्थ पालटतो. अशा एका आईला आम्ही दोन आठवडे मोठ्या दिमाखाने स्पॅनिश दुभाषी पुरविला. ती दोन आठवडे ‘सी’ म्हणत राहिली, कारण स्पॅनिशमधला तेवढाच शब्द तिला पुरता येत होता. शेवटी इंग्रजीतून स्पॅनिश आणि स्पॅनिशमधून मिश्तेक अशी दोन खुर्च्यांची साखळी जोडावी लागली.

या लोकांवर आमच्या धंद्यात एक आरोप सर्रास होतो, तो ‘फातालिस्मो’चा, म्हणजे दैववादाचा. ‘सि दिओस किएरे’, देवाची इच्छा असेल तर, हे त्यांच्या प्रत्येक वाक्याचे शेपूट असते हे खरे. परंतु तीच आई मुलाला दर सकाळी ‘एचाले गानास, मिहो’ म्हणत असते, म्हणजे ‘जोर लाव, बाळा’, आणि सान हुआन दे लोस लागोसच्या देवीला ‘मांदा’ बोललेली असते. मांदा म्हणजे अक्षरशः आपला नवस, पायी येईन, केस वाहीन या अटींसह. नवस बोलणारा मनुष्य दैववादी कसा? तो तर दैवाशी घासाघीस करायला बसलेला असतो. आणि लातिनो रक्तातच निष्क्रियता असती तर कोस्ता रिकासारख्या लहान देशात, सान होसे येथील राष्ट्रीय बालरुग्णालयात, लिस्बेथ केसादा या डॉक्टरबाईंनी १९९० सालीच मुलांची परिहारसेवा सुरू केली, तिचे स्पष्टीकरण काय द्यायचे? माझे मत असे की दैववाद हा बव्हंशी आमचा, डॉक्टरांचा. सेवा नाकारली गेली की तिचे कारण त्यांच्या स्वभावात शोधणे हे आमच्या नशिबाला बोल लावण्याइतकेच सोपे असते.

मुलाला सांगायचे की नाही, या प्रश्नावर मात्र मी कधीच निःशंक झाले नाही. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले की रक्ताच्या कर्करोगाची मुले, कोणी न सांगता, आपला मृत्यू ओळखून असतात, आणि मोठ्यांना जड जाईल म्हणून न ओळखल्याचे सोंग वठवितात. २००४ साली स्वीडनमधील संशोधकांनी कर्करोगाने मूल गेलेल्या आईबापांना विचारले: जे १४७ जण मुलाशी मृत्यूविषयी बोलले होते त्यांतील एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता, जे २५८ बोलले नव्हते त्यांतील ६९ जणांना होता. परंतु उरलेल्या १८९ जणांना नव्हता, हेही त्याच तक्त्यात आहे, आणि तो आकडा सभांतून कोणी वाचून दाखवीत नाही. माझ्या त्या मुलाची आई म्हणाली, त्याला सांगू नका. आम्ही सांगितले नाही. डिसेंबरात एके दिवशी त्याने आपले लाडके बूट, टाचेचे, नक्षी शिवलेले, गुराख्यांचे असतात तसे, सात वर्षांच्या धाकट्या भावाला देऊन टाकले. का, म्हणून मी विचारले, तर म्हणाला, मला लहान होतात. तो तोवर इतका वाळला होता की बुटात त्याचे पाऊल खुळखुळत असे. आई दारात उभी होती. तिने ते ऐकले, आणि त्यानंतर तिने मला कोणतीही गोष्ट मुलापासून लपवायला सांगितली नाही.

घर म्हणजे बागेच्या कडेला, चाकांवरून आणून ठेवलेले एक लांबट पत्र्याचे खोके. तेथे मॉर्फिनची बाटली गेली तेव्हा मोठाच प्रसंग उभा राहिला. ज्या मुलुखात ‘ड्रोगा’ या शब्दापायी गावेच्या गावे उठली, तेथून पळून आलेल्या बापाला तेच मुलाच्या जिभेवर घालायचे होते. परिचारिकेने स्वयंपाकाच्या ओट्यावर सगळे मांडले: बिनसुईची पिचकारी, किती ओढायचे, दर चार तासांनी का, झोप किती आली म्हणजे फोन करायचा. बहिणीने आपल्या नखांच्या लाल रंगाने पिचकारीवर रेघ काढली, म्हणजे रात्री अंधुक उजेडातही माप चुकू नये. मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठाची पूड द्यावी लागते; तिच्या चिठ्ठीवर इंग्रजीत ‘वन्स’, म्हणजे दिवसातून एकदा, असे छापलेले होते. ती अक्षरे स्पॅनिशमध्ये वाचली की होतात ‘ओन्से’, आणि ओन्से म्हणजे अकरा. परिचारिकेने ‘आता तुम्ही मला करून दाखवा’ असा आग्रह धरला नसता तर त्या माउलीने अकरा पुड्या कालविल्या असत्या, आणि चूक तिची ठरली असती.

हद्दीचा मामला मी थोडक्यात आटोपते, कारण तो ऐकायला लागतो त्याहून सोसायला फार लांब असतो. टेक्ससच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदेच्या काठी राहणाऱ्या कुटुंबाला मोठ्या शहरातील मुलांच्या रुग्णालयात जायचे तर सरहद्दीपासून सुमारे ७० मैल आत फाल्फुरियाससारख्या नाक्यावर कागद दाखवावे लागतात. मूल तेथेच जन्मलेले, म्हणून नागरिक. आईबाप ‘सिन पापेलेस’, बिनकागदाचे. मग कोणी शेजारीण मुलाला घेऊन जाते, आणि आई नाक्याच्या अलीकडे राहते. आमच्याकडे असा नाका नव्हता. आमच्याकडे आजी होती. मिचोआकानातली आजी नातवाला पाहायला येऊ मागत होती. अर्ज केला, फेटाळला गेला. मानवतेच्या कारणास्तव तात्पुरत्या प्रवेशाचा दुसरा अर्ज केला, तो चौकशीत राहिला. पाण्याच्या पेल्याला टेकवून ठेवलेल्या फोनवरून ती रोज संध्याकाळी जपमाळ म्हणे, आणि मुलगा पडल्यापडल्या ओठ हलवी. फेब्रुवारीत तो गेला, घरीच, वेदनेवाचून. मेक्सिकोच्या वकिलातीने मदत केली, आणि आजीला जो प्रवास करता आला नव्हता तो उलट्या दिशेने त्याच्या पेटीने केला. आईबाप विमानतळापर्यंत गेले. पेटीबरोबर गेले असते तर उरलेल्या दोन मुलांकडे परत येण्याची वाट नव्हती.

त्या वर्षी १ नोव्हेंबरला त्यांनी मला बोलाविले. तो दिवस गेलेल्या मुलांचा, ‘आंखेलितों’चा, असतो, मोठ्यांचा दुसऱ्या दिवशी. भिंतीशी पेट्यांची उतरंड रचून तिच्यावर पांढरे कापड, पाणी, मीठ, पाव, त्याचे छायाचित्र, आणि सगळीकडे झेंडू. सेम्पासूचिल त्याचे नाव; मूळ फूल मेक्सिकोचेच, समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेले. धाकटा भाऊ बुटांचा टकटक आवाज करीत घरभर फिरत होता. आता ते त्याला जवळजवळ बसू लागले होते. आईने काही म्हणण्यापूर्वीच त्याने ते काढले, बाहीने पुसले, वरच्या पायरीवर जोडीने ठेवले आणि ‘उद्या परत घालीन’ म्हणून अनवाणी बाहेर पळाला.

आईने मला विचारले, दुभाषीणबाई नव्हत्या आणि आता मला त्यांची गरजही नव्हती, की तुमच्या देशात हे फूल कोणासाठी असते? मी सांगितले, दसऱ्याला असते, दाराला तोरण बांधतो, हत्यारांना वाहतो, गाड्यांनाही. तिला गंमत वाटली. निघाले तेव्हा ती ओंजळभर फुले घेऊन माझ्यामागून आली, अंगणात उभ्या असलेल्या माझ्या धुळकट गाडीच्या पुढच्या काचेखाली तिने ती एकेक करून ओळीने मांडली, आणि ओळ सरळ आली की नाही ते दोन पावले मागे जाऊन पाहिले.